पाहुणा, हक्क आणि हकालपट्टी : तुर्कस्तानातील एका लहान पक्षाचा इतिहास

१

लहान पक्षांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. निवडणुकीत किती जागा मिळाल्या यावरून पक्षाचे वजन ठरवण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि ज्याला एकही जागा मिळाली नाही तो पक्ष इतिहासाच्या तळटीपेत जातो. तुर्कस्तानातील झाफेर पक्षाला मे २०२३ च्या निवडणुकीत २.२३ टक्के मते मिळाली. संसदेत त्याचा एकही सभासद निवडून आला नाही. ‘झाफेर’ या शब्दाचा अर्थ विजय. पण रूढ हिशेबाने हा पराभवच होता.

पुढच्या दोन आठवड्यांत मात्र निराळेच घडले. अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत उतरलेल्या प्रमुख विरोधी उमेदवाराने या पक्षाशी लेखी करार केला. सीरियन लोक जाणारच, अशा मजकुराचे फलक देशभर लागले. हे फलक झाफेर पक्षाचे नव्हते. अतातुर्कांनी स्थापन केलेल्या, स्वतःला सामाजिक लोकशाहीवादी म्हणवणाऱ्या रिपब्लिकन पीपल्स पक्षाच्या उमेदवाराचे ते होते. दोन टक्क्यांचा पक्ष पराभूत झाला आणि त्याची भाषा मोठ्या पक्षांच्या तोंडी बसली. हे कसे झाले?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. निर्वासितांविरुद्धचा द्वेष या पक्षाने निर्माण केला नाही. त्याने तो संघटित केला. त्यासाठी लागणारी जमीन त्याच्या जन्माआधीच नांगरून ठेवलेली होती. तुर्क कोण हे रक्त आणि संस्कृती यांवरून ठरवणारा जुना कायदा, निर्वासितांना हक्क नाकारून ‘पाहुणा’ म्हणून ठेवणारे सरकार, आणि त्या पाहुण्याच्या स्वस्त श्रमावर चालणारे कारखाने व शेते, हे तिघे तिचे नांगरणारे होत.

दूरच्या देशातील हा विषय या नियतकालिकातून मांडण्याचे कारणही सांगतो. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिले. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असतो, आणि म्हणून वरच्याविरुद्धचा राग खालच्यावर काढण्याची सोय असते. तुर्कस्तानात आपल्यासारखी जातिव्यवस्था नाही. पण ही सोय तेथेही आहे, आणि झाफेर पक्षाचा इतिहास हा त्या सोयीचा इतिहास आहे.

२

तुर्की प्रजासत्ताक २९ ऑक्टोबर १९२३ रोजी जाहीर झाले. त्याच वर्षी जानेवारीत लोझान येथे ग्रीसशी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला होता. या अदलाबदलीत सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे गेलेले धरले जातात आणि सुमारे चार लाख मुसलमान तुर्कस्तानात आले. कोण तुर्क आणि कोण ग्रीक, हे माणसाला विचारून ठरले नाही, धर्मावरून ठरले. मध्य अनातोलियातील तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीक ठरले आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्क ठरले. क्रीटहून आलेल्यांना नव्या मायदेशात शेजाऱ्यांनी ‘अर्धे काफिर’ म्हणून हिणवले. मायदेश मिळाला तरी मान मिळतोच असे नाही, हे तेव्हाच दिसले.

यानंतरचा महत्त्वाचा दस्तऐवज १९३४ चा वसाहत कायदा, क्रमांक २५१०. तुर्कस्तानातील स्थलांतराचा कोणताही अभ्यास या कायद्यापासूनच सुरू करावा लागतो. तुर्की वंशाचा आणि तुर्की संस्कृतीशी जोडलेला असेल तोच स्थलांतरित म्हणून स्वीकारला जाईल, असे त्याचे सूत्र होते. ज्यांची मातृभाषा तुर्की नाही त्यांनी एकत्र येऊन स्वतंत्र गावे वा मोहल्ले वसवू नयेत, अशी तरतूद होती. तिचा रोख मुख्यतः कुर्दांवर होता; त्यांना विखरून तुर्की वस्तीत विरघळवून टाकायचे होते. कोणाला देशात घ्यायचे नाही, याचीही यादी चौथ्या कलमात होती. तुर्की संस्कृतीशी बांधिलकी नसलेले, अराज्यवादी, हेर, आणि त्यांच्याच ओळीत भटके जिप्सी!

हेर आणि भटका एकाच ओळीत बसवणारे कायदे आपल्याला अपरिचित नाहीत. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा ज्यांच्या आजा-पणज्यांनी भोगला, त्यांना या ओळीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तुर्कस्तानात हा कायदा २००६ पर्यंत टिकला. त्या वर्षी आलेल्या नव्या कायद्यातून भटक्या जिप्सींचा उल्लेख गेला. तुर्की वंश आणि तुर्की संस्कृती हा निकष मात्र राहिला.

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनीव्हा करारावर तुर्कस्तानने सही केली, तीही एक अट राखून. युरोपातून येणाऱ्यांनाच निर्वासित म्हणून मान्यता मिळेल, पूर्वेकडून व दक्षिणेकडून येणाऱ्यांना नाही. ही अट आजही कायम आहे. तिचा व्यवहारातील अर्थ दोन प्रसंगांवरून कळतो. १९८९ च्या उन्हाळ्यात बल्गेरियाच्या कम्युनिस्ट राजवटीने तेथील तुर्कांना देशाबाहेर लोटले, तेव्हा तीन लाखांहून अधिक लोक तुर्कस्तानात आले. त्यांना आपले मानण्यात आले; नागरिकत्व, घरे, कामे देण्याची व्यवस्था झाली. दोनच वर्षांनी, १९९१ च्या वसंतात, सद्दाम हुसेनच्या फौजांपुढून पळालेले लाखो इराकी कुर्द याच देशाच्या सीमेवर पोहोचले. त्यांना सीमेवरच्या डोंगरात, थंडीत अडवून धरण्यात आले. दोघेही मुसलमान, दोघेही जीव मुठीत धरून आलेले. फरक होता तो ‘वंश आणि संस्कृती’ या दोन शब्दांचा.

३

मार्च २०११ मध्ये सीरियात असदविरोधी उठाव सुरू झाला. एप्रिलच्या अखेरीस पहिली कुटुंबे सीमा ओलांडून हाताय प्रांतात आली. रेजेप तय्यिप एर्दोगान यांच्या सरकारने सीमा उघडी ठेवली, हे नमूद केले पाहिजे; त्यामुळे असंख्य जीव वाचले. पण आलेल्यांना काय म्हणायचे? सरकारने त्यांना ‘मिसाफिर’ म्हटले. आपल्याकडे रुळलेला ‘मुसाफिर’ तो हाच शब्द; तुर्कीत त्याचा अर्थ पाहुणा. पुढे त्याला धर्माची जोड मिळाली. मक्केहून आलेल्या मुहाजिरांना मदिनेच्या अन्सारांनी जसा आधार दिला तसा आम्ही देतो आहोत, असे अध्यक्ष भाषणांतून सांगू लागले.

वरवर पाहता यात वाईट काय आहे? आतिथ्य हा सद्गुणच आहे. पण आतिथ्य यजमानाच्या मर्जीवर चालते. पाहुण्याने घरात मोठ्याने बोलू नये, जास्त दिवस राहू नये, काय वाढले यावर तक्रार करू नये. पाहुणा भाडेकरार मागत नाही, किमान वेतन मागत नाही, संघटना बांधत नाही. आणि यजमानाचा मूड बदलला की पाहुण्याने उठायचे असते.

कायद्याने हीच वृत्ती नियमांत उतरवली. ऑक्टोबर २०१४ मध्ये सीरियन लोकांना ‘तात्पुरते संरक्षण’ देण्यात आले. शाळा आणि दवाखाना त्यातून मिळाला; निर्वासित हा दर्जा मिळाला नाही. २०१८ पर्यंत अशा लोकांची संख्या छत्तीस लाखांच्या आसपास गेली आणि तुर्कस्तान हा जगात सर्वाधिक निर्वासित असलेला देश ठरला. त्यांतील बहुतेक छावण्यांत नव्हे, तर शहरांच्या गरीब मोहल्ल्यांत राहत होते. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी समझोता केला. निर्वासितांना युरोपकडे येऊ द्यायचे नाही, आणि त्या बदल्यात तीन अब्ज व पुढे आणखी तीन अब्ज युरो. मानवी हक्कांचे पाठ देणाऱ्या युरोपने अशा रीतीने आपल्या दाराबाहेर पहारेकरी बसवला. निर्वासित हा आता पाहुणाही राहिला नाही. तो सौद्यातली वस्तू झाला.

आणि २०२२ मध्ये आणखी एक नियम आला. एखाद्या मोहल्ल्यात परकीयांचे प्रमाण लोकसंख्येच्या २५ टक्क्यांवर गेले, तर तेथे नव्या परकीयांची नोंदणी बंद. जुलैपासून ही मर्यादा २० टक्क्यांवर आली. कोणी कोणत्या वस्तीत राहावे हे सरकार टक्केवारीने ठरवू लागले. हा नियम झाफेर पक्षाने केलेला नाही. अन्सार-मुहाजिरांची भाषा बोलणाऱ्या सरकारने तो केला.

दया आणि हक्क यांतील फरक आपल्या चळवळीला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. शिकताना आणि नोकरीत लागल्यावरही ‘तुम्हाला काय, सवलत आहे’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले. घटनेने दिलेल्या हक्काला समाज जेव्हा सवलत म्हणतो, तेव्हा ती परत घेण्याची भाषाही त्याच तोंडात तयार असते. आमच्यापाशी निदान घटना आहे, तिच्यावर बोट ठेवता येते. तुर्कस्तानातील सीरियन मजुरापाशी बोट ठेवण्यासारखे काहीच नव्हते.

४

आता त्या पक्षाकडे आणि त्याच्या संस्थापकाकडे वळू.

उमित ओझदाग यांचा जन्म ३ मार्च १९६१ रोजी टोकियोत झाला. तोही हद्दपारीत. त्यांचे वडील मुझफ्फर ओझदाग हे लष्करी अधिकारी, २७ मे १९६० च्या उठावानंतर सत्ता हाती घेतलेल्या समितीचे सदस्य. नोव्हेंबर १९६० मध्ये समितीतील चौदा जहाल अधिकाऱ्यांना काढून जगभरच्या वकिलातींत पाठवून देण्यात आले. मुझफ्फर ओझदाग टोकियोला गेले. त्यांचे सहकारी आल्पअरस्लान तुर्केश आपल्या नवी दिल्लीत आले. हेच तुर्केश मायदेशी परतल्यावर तुर्की उग्र राष्ट्रवादाचे पुढारी झाले आणि १९६९ मध्ये त्यांच्या पक्षाने ‘राष्ट्रवादी कृती पक्ष’ हे नाव घेतले. त्याच्या तरुण पथकांना ‘करडे लांडगे’ म्हणतात. १९७० च्या दशकात डावे कार्यकर्ते, विद्यार्थी आणि अलेवी पंथाचे लोक या पथकांचे बळी ठरले. डिसेंबर १९७८ मध्ये माराश शहरात अलेवींची जी कत्तल झाली, तीत शंभरावर माणसे मेली. तेव्हा देशात सीरियन निर्वासित नव्हते. शत्रू मात्र होता. अशा राजकारणाला शत्रू लागतोच, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

उमित ओझदाग यांचे उच्च शिक्षण म्युनिकमध्ये झाले. ज्या जर्मनीत ते शिकले तेथे त्यांचेच लाखो देशबांधव मजुरी करीत होते. ३० ऑक्टोबर १९६१ च्या कराराने जर्मनीने तुर्की मजूर नेले आणि त्यांना नाव दिले ‘पाहुणे कामगार’. येथेही तोच शब्द! या पाहुण्यांनी जर्मनीच्या खाणी आणि मोटारींचे कारखाने चालवले. नोव्हेंबर १९९२ मध्ये म्योल्न येथे आणि मे १९९३ मध्ये झोलिंगेन येथे वंशद्वेष्ट्यांनी तुर्की कुटुंबांची घरे जाळली. पहिल्या आगीत तीन आणि दुसरीत पाच जणी मेल्या, त्यांत लहान मुली होत्या. जर्मन उग्र राष्ट्रवादी तुर्कांविषयी जे जे बोलत, की यांची पोरे फार, हे आपली भाषा शिकत नाहीत, हे आपल्या शहरांवर कब्जा करतील, ते ते सारे पुढे इस्तंबूल आणि अंकाऱ्यात सीरियनांविषयी बोलले गेले. पाहुणेपणाचा अपमान भोगलेल्या समाजातही दुसऱ्याला पाहुणा ठरवून हाकलण्याची इच्छा जोर धरू शकते. सोसलेल्या दुःखातून आपोआप शहाणपण येत नाही. त्यासाठी विचार लागतो आणि चळवळ लागते.

मायदेशी ओझदाग विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि सुरक्षाविषयक संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. राष्ट्रवादी कृती पक्षात त्यांनी पक्षप्रमुख देवलेत बाहचेली यांना आव्हान दिले, बाहेर गेले, परत आले. २०१५ मध्ये ते गाझीअंतेपमधून संसदेत गेले. सीमेजवळच्या या शहरात लाखो सीरियन येऊन राहिले होते. पुन्हा बाहचेलींशी बिनसले. मेराल आक्शेनेर यांच्याबरोबर त्यांनी २०१७ मध्ये ‘ईयी’ म्हणजे ‘चांगला’ पक्ष काढण्यात भाग घेतला, २०१८ मध्ये त्या पक्षातर्फे इस्तंबूलमधून निवडून आले आणि मार्च २०२१ मध्ये तोही सोडला. साठीला आलेला हा पुढारी तेव्हा पक्षाविना होता. आपली अशी ओळख देणारा एकच विषय त्याच्या हाती होता.

तो उन्हाळा त्या विषयाला अनुकूल ठरला. इराणच्या बाजूने अफगाण तरुणांचे तांडे डोंगर ओलांडून येत असल्याची चित्रे घरोघरी दिसत होती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. जुलैतच बोलू शहराच्या महापौरांनी परकीयांकडून पाण्याचे दर दहापट घेण्याचे जाहीर केले होते. हे महापौर तान्जू ओझजान रिपब्लिकन पीपल्स पक्षाचे. पाण्यावरून माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे महाडच्या वारसदारांना सांगायला नको. ११ ऑगस्टच्या रात्री अंकाऱ्याच्या आल्तिनदाग या गरीब भागात, आदल्या दिवशीच्या भांडणात एक तुर्की तरुण मारला गेल्याचे निमित्त होऊन, जमावाने सीरियनांची घरे आणि दुकाने फोडली. दोन आठवड्यांनी, २६ ऑगस्ट २०२१ रोजी, झाफेर पक्षाची स्थापना झाली. तारीख जाणून निवडलेली होती. १०७१ मध्ये सेल्जुक तुर्कांनी मांझिकर्टची लढाई जिंकली ती याच दिवशी, आणि १९२२ मध्ये ग्रीक सैन्याविरुद्धचा निर्णायक हल्ला सुरू झाला तोही याच दिवशी. उपाशीपोटी सीमा ओलांडून आलेल्या माणसांविरुद्धचा पक्ष लढाईच्या मुहूर्तावर निघाला.

पक्षाचा कार्यक्रम एकसूत्री होता. सर्व निर्वासितांना परत पाठवायचे. बाकी सारे, म्हणजे महागाई, घरभाडे, बेकारी, गुन्हे, या एका सूत्राला जोडून दिले जाई. २०२१ च्या अखेरीस इझमीरमध्ये ओझदाग एका सीरियन सराफाच्या दुकानात शिरले आणि कागदपत्रांची झडती घेऊ लागले. हे चित्रण देशभर फिरले. मे २०२२ मध्ये त्यांच्या पैशाने बनलेला ‘मूक आक्रमण’ हा लघुपट प्रसिद्ध झाला. त्यात २०४३ सालचे इस्तंबूल दाखवले आहे, जेथे तुर्क आपल्याच शहरात परके झाले आहेत. लाखो लोकांनी तो पाहिला. लघुपट करणाऱ्या पत्रकार बाईंना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि सोडले. त्यामुळे तो आणखी पाहिला गेला. गृहमंत्री सुलेमान सोयलू आणि ओझदाग यांची जाहीर शिवीगाळ झाली, तिनेही पक्षाचेच काम केले.

याच काळात तुर्की लिरा कोसळला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यांनीच महागाईचा वार्षिक दर ८५ टक्क्यांवर गेला. सप्टेंबर २०२१ पासून महागाई वाढत असतानाही व्याजदर खाली आणण्याचा हट्ट सरकारने धरला होता. तो निर्णय सीरियन मजुरांनी घेतला नव्हता. पण मध्यवर्ती बँकेचे धोरण डोळ्यांना दिसत नाही. शेजारच्या खोलीत राहणारे अरबी बोलणारे कुटुंब दिसते.

५

झाफेर पक्षाच्या टीकाकारांनी बहुधा एक चूक केली. निर्वासितांमुळे गरिबांना काहीच झळ लागली नाही, असे ते बोलत राहिले. हे खरे नाही, आणि गरिबांना ते खोटे असल्याचे ठाऊक होते.

चुकुरोवाच्या सुपीक मैदानात, काळ्या समुद्राकाठच्या हेझलनटच्या बागांत हंगामी मजुरी करणारे प्रामुख्याने आग्नेयेकडील कुर्द आणि अरब. १९९० च्या दशकात लष्कराने कुर्दांची गावेच्या गावे रिकामी केली, तेव्हा जमीन सुटलेली लाखो माणसे शहरांच्या झोपड्यांत आणि या मुकादमी मजुरीत आली. तंबूत राहायचे, मुलांची शाळा बुडवायची, मुकादमाला कमिशन द्यायचे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे जिणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. या मजुरांच्या शेजारी २०१२ नंतर सीरियन कुटुंबे तंबू ठोकू लागली आणि त्यांच्याहून कमी पैशात काम करू लागली. मजुरीचे दर पडले. शहरांत शिवणकामाच्या आणि चपला-बुटांच्या कारखान्यांत हेच झाले.

पण सीरियन मजूर कमी पैशात का राबला? त्याला हौस होती म्हणून? जानेवारी २०१६ पर्यंत त्याला कायदेशीर कामाचा रीतसर मार्गच नव्हता. तेव्हा जो नियम आला त्यात परवान्यासाठी अर्ज मालकाने करायचा होता आणि साधारणतः कामगारांच्या दहा टक्क्यांपर्यंतच असे मजूर ठेवता येणार होते. हंगामी शेतमजुरीला परवान्यातून सूट होती, म्हणजे जेथे शोषण सर्वांत जास्त तेथे दार सताड उघडे. परिणामी काम करणारे सुमारे दहा लाख आणि परवानेधारक त्यांच्या मानाने मूठभर, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. ज्याला तक्रार करता येत नाही तो मजूर मालकाला स्वस्त पडतो. त्याला हक्क दिले असते, समान काम-समान दाम लागू केले असते, तर कुर्द आणि तुर्की मजुराचे वेतनही पडले नसते. झाफेर पक्षाने झळ खरी सांगितली, कारण खोटे सांगितले. मालकाचे नाव त्याच्या फलकावर कधी आले नाही.

या उतरंडीच्या अगदी तळाशी कोण आहे? सीरियातून आलेले डोम. शतकानुशतके पश्चिम आशियात भटकणारी ही जमात ढोल-सनई वाजवते, दात बसवते, लोहारकी आणि चाळण्यांची कामे करते, शेतमजुरी करते. तिची डोमारी ही मूळ भाषा भारतीय-आर्य कुळातली. भाषाशास्त्रज्ञ तिच्या नावाचा संबंध आपल्याकडील ‘डोम’ या जातिनामाशी जोडतात. आपले डोंबारी डोळ्यांसमोर आणा. गाझीअंतेप आणि आसपासच्या प्रांतांत तंबूत राहणाऱ्या या सीरियन डोमांना तुर्क सीरियन म्हणून झिडकारतात आणि सीरियन जिप्सी म्हणून झिडकारतात. स्वतः हाकलले जाण्याच्या भीतीत जगणारा निर्वासितही, ‘हे भीक मागणारे आमच्यातले नव्हेत’ असे सांगून आपली पायरी वाचवू पाहतो. १९३४ च्या कायद्याने ज्यांना नावानिशी दाराबाहेर ठेवले, त्यांचेच हे भाऊबंद. त्यांच्या बाजूने बोलणारा एकही मोठा पक्ष त्या देशात नाही.

६

१४ मे २०२३ च्या निवडणुकीकडे आता पुन्हा पाहू. फेब्रुवारीत प्रचंड भूकंप झाला होता, पन्नास हजारांवर माणसे गेली होती, आणि ढिगाऱ्यांवर सीरियन लूट करतात अशा अफवा पसरल्या होत्या. अध्यक्षपदासाठी झाफेर पक्षाच्या आघाडीचे उमेदवार सिनान ओगान यांना ५.१७ टक्के मते पडली. एर्दोगान यांना ४९.५२ आणि विरोधी आघाडीचे केमाल किलिचदारोग्लू यांना ४४.८८ टक्के मते मिळाली. दुसरी फेरी अटळ झाली आणि लहान पक्षाच्या हाती तराजूचा काटा आला.

गंमत अशी की आघाडी लगेच फुटली. ओगान एर्दोगान यांच्याकडे गेले, ओझदाग किलिचदारोग्लू यांच्याकडे. २४ मे रोजी जो करार झाला त्यात निर्वासितांना वर्षभरात परत पाठवण्याचे वचन होते. पण त्याच कागदावर आणखी एक कलम होते. दहशतवादाशी संबंध असल्याचे न्यायालयाने ठरवल्यास, निवडून आलेल्या महापौरांच्या जागी सरकारी अधिकारी नेमण्याची पद्धत चालू राहील. कुर्द प्रदेशातील लोकनियुक्त महापौरांना घरी बसवण्यासाठी हेच हत्यार वर्षानुवर्षे वापरले गेले होते. सीरियनांना घालवण्याचा करार आणि कुर्दांचा मताधिकार निकामी करण्याचा करार एकाच कागदावर झाला! कुर्द पक्षाने तरीही, एर्दोगान नकोत म्हणून, किलिचदारोग्लू यांनाच मत देण्याचे आवाहन केले. किलिचदारोग्लू देशात एक कोटी निर्वासित आणले गेल्याचे सांगत फिरले; नोंदलेल्या आकड्यांत त्याला आधार नव्हता. २८ मे रोजी एर्दोगान ५२.१८ टक्के मते घेऊन निवडून आले. द्वेषाची भाषा उसनी घेऊन विरोधकांना सत्ता मिळाली नाही, आणि तत्त्वही राहिले नाही.

पेरलेले पुढच्या वर्षी उगवले. ३० जून २०२४ च्या रात्री कायसेरी शहरात, एका सीरियनाने लहान मुलीवर अत्याचार केल्याच्या बातमीवरून, जमावाने सीरियनांची दुकाने, घरे, वाहने जाळली. एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा साऱ्या जमातीला! आपल्याकडील वस्त्या जाळण्याच्या इतिहासात हे तर्कशास्त्र आपण किती वेळा वाचले आहे! लोण इतर शहरांत गेले. अंताल्या प्रांतात सतरा वर्षांच्या एका सीरियन मुलाचा खून झाला. चारशे सत्तरहून अधिक लोकांना अटक झाली.

जानेवारी २०२५ मध्ये ओझदाग यांना अध्यक्षांच्या अपमानाच्या आरोपावरून ताब्यात घेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी जनतेत द्वेष भडकवल्याच्या आरोपाखाली तुरुंगात टाकण्यात आले. जूनमध्ये त्यांना दोन वर्षे चार महिन्यांची शिक्षा सुनावून सोडण्यात आले. यावर आपण टाळ्या वाजवाव्यात काय? मला तसे वाटत नाही. चौकशी सुरू झाली ती अध्यक्षांवरच्या टीकेवरून. कायसेरीची आठवण सरकारला मागाहून झाली. सत्तेला अडचणीचा ठरलेला माणूस आत गेला, वस्तीची टक्केवारी ठरवणारा नियम मात्र तसाच राहिला. अशा शिक्षेने निर्वासिताला न्याय मिळत नाही. पुढाऱ्याला हुतात्मेपण मिळते.

८ डिसेंबर २०२४ रोजी असदची राजवट कोसळली आणि परतीची वाट खुली झाली. २०२५ च्या अखेरीपर्यंत पाच लाखांहून अधिक सीरियन तुर्कस्तानातून परतले. आपल्या इच्छेने घरी जाणाऱ्याचे सुख कोणी नाकारू नये. पण कोण स्वेच्छेने गेला आणि कोण कायसेरीच्या आगीमुळे गेला, हे आकड्यांत दिसत नाही. वीस लाखांहून अधिक अजून तेथेच आहेत. त्यांची अनेक मुले तुर्कस्तानातच जन्मली, तुर्की शाळेत शिकली. कागदावर ती अद्याप तात्पुरतीच आहेत.

७

या इतिहासातून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट अशी की, असा पक्ष मोजायचा तो त्याच्या मतांनी नव्हे, दुसऱ्यांनी त्याची किती भाषा उचलली यावरून. आपल्याला याचा अनुभव आहे. १९६६ मध्ये मुंबईत शिवसेना स्थापन झाली, तेव्हा तिचा रोख दक्षिण भारतीय कारकून आणि हॉटेलवाल्यांवर होता. हा परक्यांचा प्रश्न आहे, आपला नाही, असे आपल्यातल्याही काहींना तेव्हा वाटले असेल. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दलित पँथर आणि शिवसेना यांचा संघर्ष झाला, भागवत जाधव मारले गेले; पुढे नामांतरालाही याच शक्तीने विरोध केला. मुंबईचे स्थलांतरित हे या देशाचे नागरिक होते आणि सीरियन परदेशी आहेत, हा फरक मी विसरत नाही. पण ‘बाहेरचा’ कोण याची व्याख्या करण्याचा अधिकार एकदा कोणाच्या हाती दिला, की ती व्याख्या कोठे थांबेल हे आपल्या हाती राहत नाही. तुर्कस्तानात ती अलेवी, कुर्द, जिप्सी, सीरियन अशी फिरत राहिली आहे.

दुसरी गोष्ट हक्काची. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने शेजारच्या देशांतून आलेल्यांपैकी कोणाला नागरिकत्व सुलभ करायचे, हे ठरवताना धर्म हा निकष आणला. आश्रय ही सरकारची मेहेरबानी असू नये, कायद्याने मिळणारा आणि न्यायालयात मागता येणारा हक्क असावा, ही मागणी आंबेडकरी चळवळीने आपली मानली पाहिजे.

तिसरी गोष्ट मजुरांची. विदर्भातल्या वीटभट्टीवर, पुण्याच्या बांधकामावर, कोकणातल्या आंब्याच्या बागेत परप्रांतीय आणि नेपाळी मजूर आमच्या माणसांच्या शेजारी आणि पुष्कळदा कमी दरात राबतात. त्यामुळे आमच्या मजुराची झळ खरी आहे. ती नाकारून त्याला मानवतेचे व्याख्यान देऊ नये. कार्यकर्त्याने त्याच्याजवळ बसून हजेरीपुस्तक उघडावे, मुकादम आणि मालक कोणाला किती देतात हे दोघा मजुरांसमोर मांडावे, आणि दोघांसाठी एकच दर मागावा. गाझीअंतेपच्या कारखान्यांत हे काम वेळेवर आणि पुरेसे झाले नाही. ती जागा मोकळी राहिली, आणि झाफेर पक्ष तेथे येऊन उभा राहिला.